झाडलेली खाडी

कानोसा हे नाव मी ठेवलेलं नाही. माझ्या कागदपत्रांत ते 'तळ-नोंद यंत्र, क्रमांक चौदा' असंच होतं. पण आडखोलच्या खाडीत ते पहिल्यांदा सोडताना काठावर जमलेल्या बायकांनी विचारलं, "म्याडम, ह्यां काय करता?" मी म्हटलं, तळाला कान लावून बसतं आणि ऐकतं. "म्हणजे कानोसो घेता," त्यांच्यातली एक म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. महिनाभरात माझ्या वहीतही कानोसाच आला.

दिसायला ते पाच लिटरच्या कुकराएवढं. खाली सहा पाय, पोटात एक भिंग, पाण्यातला आवाज टिपणारे दोन कान आणि आम्लता मोजणारी एक कांडी. तळावर बसलं की हातभर अंतरातला वाळूचा कणन्‌कण ते निरखायचं. त्यावर एखादा जीव उतरला, बसला, उठून गेला, तरी नोंद व्हायची. अशी यंत्रं येण्यापूर्वी तिसऱ्या, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या खायच्या शिंपल्या, मोठ्या झाल्यावरच आम्हाला दिसायच्या. त्या लहानपणी काय करतात, याबद्दल आम्ही शास्त्रज्ञ बरेचसे अंदाज करायचो आणि ते ठामपणे सांगायचो.

२०४३ साली सरकारी मोजणीसाठी माझ्याकडे अशा सात खाड्या होत्या. त्याच सुमारास नवा नियम आला होता. ज्या खाडीच्या तळावर सलग चार हंगाम तिसऱ्यांची पिल्लं टिकलेली दिसणार नाहीत, तो तळ रिकामा धरायचा आणि वाळूच्या उपशासाठी खुला करायचा. तळाचा विसावा हिस्सा जरी जिवंत निघाला, तरी खाडी वाचत होती. आडखोलचे तीन हंगाम शून्य गेले होते. चौथ्याची मोजणी माघ अमावास्येला माझ्या सहीने व्हायची होती. खाडी गेली असती तर अठरा बायकांचं पिढीजात काम गेलं असतं. मला त्याचं वाईट वाटत होतं, पण वाईट वाटणं हा मोजणीचा भाग नव्हता, आणि तसं मी स्वतःला वरचेवर बजावत होते.

या अठरा जणी तिसऱ्या पायांनी शोधतात. ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं, पाऊल उचलायचं नाही, चिखलात सरकवत न्यायचं. अंगठ्याला शिंपल्याची रेघाळ पाठ लागली की वाकून ती उचलायची आणि गळ्यातल्या झोळीत टाकायची. मोठी कुठली, लहान कुठली, हे अंगठ्यालाच कळतं. लहान असली तर पाऊल पुढे जातं. मासेमारीत इतकी मोजकी, इतकी सभ्य पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मी त्यांच्यासाठी पातळ तळव्याचे रबरी बूट अठरा जोड नेले होते. चंद्राकाकींनी एक जोड हातात घेऊन उलटासुलटा केला.

"पायाक बूट घातलो तर पाय आंधळो होता, म्याडम," त्या म्हणाल्या. पुढे त्यातले दोन जोड मला कोंबड्यांच्या खुराड्यापाशी दिसले.

चंद्राकाकी म्हणजे चंद्रावती पराडकर. वय चौसष्ट, बांधा काटक, आवाज पलीकडच्या काठावर पोचणारा. त्यांचा शब्द त्या अठरा जणींत शेवटचा. त्यांच्या घरात त्या आणि त्यांची धाकटी जाऊ इंदुमती, अशा दोघीच राहत. नवरे वारलेले, मुलं गोव्यात. इंदूकाकींचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. रोज ओहोटीला त्या कुबडी टेकत काठावर येऊन बसायच्या आणि आलेल्या तिसऱ्या निवडायच्या. घरापासून काठापर्यंत दोनशे पावलांचं चिखलाचं खाजण आहे, पोटरीपर्यंत रुतवणारं. त्यातून त्यांच्यासाठी पांढरीशुभ्र वाट बांधलेली होती, अख्खी मेलेल्या शिंपल्यांची. कुबडी तिच्यावर कुरकुर वाजायची.

त्या शिंपल्या कुठून आल्या, हे मी कार्तिकातल्या अमावास्येला पाहिलं. त्या दिवशी आडखोलला खाडी झाडतात. हंगाम सुरू होण्याआधी सकाळच्या मोठ्या ओहोटीला सगळ्या जणी दाताळी घेऊन उतरल्या. एका रांगेत सरकत त्यांनी तळावरची प्रत्येक मेलेली शिंपली, प्रत्येक फुटकं कवच ओढून काढलं, टोपल्या भरल्या आणि वाटेवर नेऊन ओतल्या. तीन दिवस हे चाललं. शेवटी तळ सारवलेल्या अंगणासारखा दिसत होता. मी वहीत लिहिलं, 'स्थानिक स्वच्छता मोहीम, अनुकरणीय.' ते पान अजून माझ्याकडे आहे.

"दरवर्षी झाडता?" मी विचारलं.

"बावीस वर्सां," चंद्राकाकी म्हणाल्या. "इंदूचो पाय गेलो त्या वर्सापासून. मेलेल्या शिंपलीची कड लागली टाचेक. पंधरा दिवसांनी डॉक्टरान पाय काढल्यान. तिका यायचां नव्हतां त्या दिवशी. मीच वडून न्हेलंय. भरती व्हायच्या आधी एक टोपली भरूया, म्हटलंय." एवढं सांगून त्या दाताळं धुवायला गेल्या.

कानोशाची पहिली नोंद मार्गशीर्ष संपताना वाचली. मला वाटलं होतं, पिल्लं खाडीत येतच नसावीत. प्रवाह बदलला असेल, पलीकडच्या खाडीतल्या उपशाचा गाळ येत असेल. तसा अहवाल मी अर्धा लिहूनही ठेवला होता. पण नोंद सांगत होती की पंचवीस दिवसांत यंत्राच्या टापूत अकरा हजार पिल्लं उतरली. त्यांतलं एकही थांबलं नाही.

तिसरी जन्मते तेव्हा ती शिंपली नसते. डोळ्याला न दिसणारा, केसाळ किनारीचा एक ठिपका पाण्यात तरंगत असतो. दोनेक आठवडे तो लाटांवर असतो. मग त्याला एक इवलंसं पाऊल फुटतं आणि तो तळाला येतो. त्या पावलाने तो तळ चाचपतो. पसंत पडला तर रेशमासारखा एक धागा काढून स्वतःला कशाला तरी बांधून घेतो. नाही पडला तर पुन्हा पाण्यात उठतो आणि पुढे सरकतो. ही मुभा त्याला काही दिवसच असते. तेवढ्यात जागा मिळाली नाही तर मरतो.

त्याला धागा बांधायला खरखरीत काहीतरी लागतं, आणि खाडीत ते म्हणजे मुख्यतः आधीच्या पिढ्यांची फुटकी कवचं. नुसत्या मऊ गाळात भरती त्याला लोळवत नेते. दुसरी गोष्ट गेल्या काही दशकांतली. हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन पिऊन समुद्र थोडा आंबट झाला आहे, आणि तळाच्या चिखलातलं पाणी वरच्याहून जास्त आंबट असतं. कणाएवढ्या पिल्लाचं कवच त्यात विरघळायला लागतं. पण आसपास जुन्या शिंपल्या असल्या तर त्यांचा चुना ती आंबटाई मारतो. पित्त झालं की आपण चघळतो त्या गोळीतही बहुधा हाच चुना असतो. म्हणजे तिसऱ्यांच्या लेकरांना जगायला त्यांच्या पूर्वजांची हाडं लागतात. आडखोलला ती बावीस वर्षं दाताळ्याने ओढून काढली जात होती. पहिली काही वर्षं ते खपून गेलं. समुद्र जास्त आंबट झाला तसं खपेनासं झालं.

हा नुसता तर्क म्हणून मी बाजूला ठेवला असता. पण खाडीभर तळ चाळून पाहिला तेव्हा एकाच ठिकाणी, अंथरायच्या चटईएवढ्या तुकड्यावर, पिल्लं थांबलेली सापडली. तो तुकडा इंदूकाकींच्या वाटेच्या टोकाला होता. तिथे वाटेतल्या शिंपल्या घरंगळून पाण्यात पडल्या होत्या आणि झाडणाऱ्या जणींनी त्या काढल्या नव्हत्या, कारण त्या वाटेतल्या होत्या.

मी हे त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं. पडद्यावर ती नोंद दाखवली. एक ठिपका उतरतो, पाऊल फिरवतो, उठून जातो. पुन्हा दुसरा. चंद्राकाकींनी ते बराच वेळ पाहिलं.

"पायान सोधता," त्या म्हणाल्या. "आमच्यासारखांच." थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे आमी झाडलां म्हणान पिल्लां रवली नाय?"

"एकट्या तुमच्यामुळे नाही. समुद्र बदलला. पण झाडलं नसतं तर कदाचित टिकली असती."

"मी सांगलंय म्हणान झाडलां. बाकीच्यांका कित्याक नावां ठेवतास?" त्या ताडकन म्हणाल्या. मी कुणालाच नावं ठेवली नव्हती.

उपाय सोपा होता. पौष महिन्यात पिल्लांची दुसरी लाट येते. त्याआधी तळाच्या विसाव्या हिश्श्यावर जुन्या शिंपल्यांचा हातभर थर द्यायचा. शिंपल्या दुसऱ्या खाडीतून आणायला बंदी होती, कारण त्यांच्याबरोबर रोग येतात. ताज्या चालत नाहीत, त्या कुजतात. चुन्याच्या दगडाची खडी टाकून पाहावी तर परवानगीलाच सहा महिने. लागणाऱ्या शिंपल्या याच खाडीतल्या, उन्हात वाळलेल्या आणि चाळीसेक गाड्या भरतील इतक्या हव्या होत्या. तेवढ्या गावात एकाच ठिकाणी होत्या, आणि मी ओसरीवर आले होते तीही त्यांच्यावरूनच चालत.

"त्या पट्ट्यात कुणी उतरायचं नाही," मी म्हटलं. "भोवती खुंट मारू. लहान पिल्लं वाढायला राखून ठेवायची, बाकीच्या खाडीत तुम्ही पूर्वीसारख्या काढा."

"पाणी कुंपण मानता काय?" चंद्राकाकींचा आवाज चढला. "चार भरत्यांत सगळां तळभर पसरतलां. सुरे आसत ते, म्याडम, सुरे! बावीस वर्सांत एकाय बायलेच्या पायाक चीर पडूक नाय. तुमच्या यंत्रान ह्यां मोजलां काय?"

यंत्राने ते मोजलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि ती लपवायला मी पडदा मिटत बसले.

"खाडी गेली तर जाऊंदे," त्या म्हणाल्या. "बायलो खयव भांडी घासून पोट भरतल्यो. पण धड पायान चलत जातल्यो."

त्या आठवड्यात अठरा जणींची बैठक झाली. सुरंगा नावाची एक तरुण बाई उठून म्हणाली, "काकी, पाय आमचे. आमका परवडता." पण चंद्राकाकी मान हलवत राहिल्या आणि बैठक मोडली. त्यांच्यापुढे जाऊन दाताळ्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी कॅलेंडर पाहत होते. पौषाची लाट यायला सतरा दिवस होते. परक्या गावात आपण फक्त माहिती द्यायची, निर्णय त्यांचा, असं आम्हाला शिकवलेलं असतं. मी ते पाळलं, आणि रात्री झोप लागत नव्हती हेही खरं.

या सगळ्यात इंदूकाकींना कुणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही. त्या काठावर बसून तिसऱ्या निवडत असायच्या आणि मी त्यांच्या वाटेबद्दल त्यांच्या जावेशी बोलत असायचे. शेवटी एका दुपारी त्यांनीच मला हाक मारली. चंद्राकाकी आत भाकऱ्या थापत होत्या.

"म्याडम, बसा. तुमी साक्षीदार," इंदूकाकी म्हणाल्या आणि आतल्या दाराकडे तोंड करून बोलू लागल्या. "आक्का, माका कधी विचारलंस?"

"काय विचारूचां?" आतून आवाज आला. थापणं चालू होतं.

"माझ्या पायाच्या नावान बावीस वर्सां खाडी झाडलंस. मी तुका कधी म्हटलंय, तुझ्यामुळे पाय गेलो म्हणान?"

थापणं थांबलं. "नाय म्हटलंस," चंद्राकाकी दारात येऊन म्हणाल्या. हाताला पीठ तसंच होतं. "म्हणानच तर."

इंदूकाकी जरा वेळ कुबडीच्या मुठीवरचं फडकं सारखं करत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते त्या घरात पहिल्यांदाच सांगितलं जात असावं.

"माका साखर होती. तुका म्हायत नव्हतां, माका होतां. दोन म्हयने तान लागत होती, चक्कर येत होती. दवाखान्यात एकटी जावन इलंय. डॉक्टरान सांगल्यान, खाडीत अनवाणी उतरू नको. मी लपवलंय. सांगलां असतां तर तू माका खाडीत न्हेवचंस नाय, आणि घरात माझां मन लागाचां नाय. त्या दिवशी नाय-नाय म्हटलंय तां अंगात ताप होतो म्हणान. पण तू नसतंस वडून न्हेलंस, तर दुसऱ्या दिवशी मी आपणच गेलंय असतंय."

चंद्राकाकी उंबऱ्यावर बसल्या. "इतकी वर्सां बोललंस नाय?"

"तू झाडत होतंस. वाट बांधत होतंस. तुका बरां वाटत होतां. आणि माका वाट मिळत होती," इंदूकाकी म्हणाल्या. "माझी चूक ती."

आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही. शेवटी मीच जाऊन ती उतरवली. परत आले तेव्हा इंदूकाकी म्हणत होत्या, "उद्यापासून वाट उचल."

"मगे तू काठार कशी येतलंस?"

"नाय येवचंय. खाडीच नसली तर वाट घेवन काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेतली पहिली शिंपली इंदूकाकींनी कुबडीच्या टोकाने उकरून टोपलीत ढकलली. पुढचं काम अठरा जणींनी अकरा दिवसांत संपवलं. काठाकडून सुरुवात केली, घराकडे सरकत आल्या. इंदूकाकींचं जग रोज पंधरा-वीस पावलांनी कमी होत गेलं. शेवटच्या दिवशी त्या ओसरीच्या पायरीवर बसून होत्या आणि पायरीखालून चिखलच सुरू होत होता. पाण्यात, खुंटांनी आखलेल्या पट्ट्यावर शिंपल्यांचा थर पडला. बायकांनी त्या पट्ट्याला नाव दिलं बाळंतखोली, आणि तिच्यापाशी बोलतानाही आवाज खाली आणू लागल्या. चंद्राकाकी रोज ओहोटीला खुंटांभोवती फिरून, बाहेर वाहून आलेली शिंपली हाताने उचलून आत टाकायच्या. दाताळं त्यांनी माळ्यावर टाकलं होतं.

पौषाची लाट आली. कानोसा मी बाळंतखोलीच्या मधोमध बसवला होता, पण मध्येच उचलून पाहायचा नाही, असा नियम होता. नोंद थेट माघ अमावास्येला उघडायची. त्या पाच आठवड्यांत चंद्राकाकींनी मला एकदाही काही विचारलं नाही. एरवी त्या मला चहाची वेळ झाली हेसुद्धा ओरडून सांगायच्या.

माघ अमावास्येला सकाळी साडेसहाला पाणी सर्वांत खाली होतं. यंत्र उचलायला माझ्याबरोबर चंद्राकाकी आल्या. दोर ओढताना कानोसा कलला, त्याला सावरायला त्यांनी पाऊल पुढे टाकलं, आणि मी त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज ऐकला. काठावर येईपर्यंत त्यांनी दोर सोडला नाही. वाळूवर त्यांच्या उजव्या पावलाचा ठसा लाल उमटत होता.

"इंदूक सांगू नको," त्या मला म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी मला अगं-तुगं केलं. त्या पदराने पाऊल घट्ट आवळत होत्या. चौसष्ट वर्षांची ती बाई मी तोवर कधी घाबरलेली पाहिली नव्हती.

सुरंगाने त्यांना मोटरसायकलवरून दवाखान्यात नेलं. टाके पडले, इंजेक्शन झालं, साखर तपासली, ती नव्हती. मी पट्ट्यात ठिकठिकाणचे नमुने घेतले, काठावर बसून नोंद उघडली, आकडे दोनदा पडताळले, मग माझ्या सवयीप्रमाणे तिसऱ्यांदा. अहवालावर सही केली. मग बूट काढून खाजणातून निघाले, कारण वाट आता नव्हती. पोचेपर्यंत माझी साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती.

ओसरीवर चंद्राकाकी पाट घेऊन बसल्या होत्या. त्यांचा उजवा पाय इंदूकाकींच्या मांडीवर होता. शेजारी कोमट पाण्याचं पातेलं. इंदूकाकी पट्टीच्या कडेचा चिखल बोटाने हळूहळू धुऊन काढत होत्या. बावीस वर्षं त्या घरात हे काम उलटं चालत आलं होतं. रोज संध्याकाळी चंद्राकाकी त्यांचा तुटका पाय धुऊन तेल लावायच्या, हे मी पाहिलेलं होतं. आता चंद्राकाकींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"माझोच लागलो तां बरां झालां," त्या म्हणत होत्या. "दुसऱ्या कोणाचो लागलो असतो तर..."

"गप रव. पाय हालवू नको." इंदूकाकींनी पट्टी पाहिली, पाऊल हातात धरून ठेवलं. "चार टाके. भरान येतलां. ह्येका भियान बावीस वर्सां काढलंस?" मग मान वर करून मला विचारलं, "काय गो? रवली?"

"राहिली," मी म्हटलं. "एका चौरस मीटरला साडेसहाशे. सगळ्या पट्ट्यात. मी सही केली."

खुराड्यापाशी कोंबडी रबरी बुटात अंडं घालायला बसली होती, दोघी तिच्याकडे पाहत राहिल्या.

"चल," इंदूकाकी एकाएकी म्हणाल्या. "माका दाखव."

"वाट खय आसा?"

"तू आसंस मां."

"माझोच पाय फुटलो हा, मी तुका कशी धरू?"

"मगे जोडी जमली," इंदूकाकी म्हणाल्या, आणि चंद्राकाकी रडता रडता हसल्या.

टाके ओले करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तेही सांगितलं. उत्तरादाखल चंद्राकाकींनी पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधली. दोघींत मिळून धड पाय दोन होते. एकमेकींच्या कमरेला हात घालून त्या पायरी उतरल्या आणि खाजणाच्या चिखलात शिरल्या. कुबडी रुतते म्हणून इंदूकाकींनी ती माझ्या हातात दिली, आणि मी ती घेऊन त्यांच्या मागून चालू लागले.